राखेवरच्या फेऱ्या

आमच्या घरात ताईत, उतारे, नवस, नजर या सगळ्याची टिंगल करायचा मक्ता माझ्याकडे होता. अम्मीनं भाईच्या दंडाला ताईत बांधला की मी विचारायचो, याचं पासिंग झालंय का. अब्बांनी दोनदा कान उपटले, तरी जिभेला हाड ते नाहीच. गॅरेजात काम करणाऱ्या माणसाला एक घमेंड असते. त्याला वाटतं, बिघाड कुठं ना कुठं असतोच, उघडून बघितलं की सापडतो. मला ती घमेंड जरा जास्तच होती.

पौडला एस.टी. स्टँडच्या अलीकडे आमचं गॅरेज. ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, कधी एखादी जीप आणि बाकी मोटारसायकली. मोठा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी थोरला. मी त्याला भाई म्हणायचो आणि माझं ऐकून सगळं पौडच त्याला भाई म्हणायला लागलं. तो चालवण्यात वाकबगार, मी खोलण्यात आणि जोडण्यात. सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि मी पंचविशी ओलांडलेली होती.

त्या सुमारास एक सुभेदार फौजेतून कधीचाच निवृत्त होऊन धरणाच्या कडेला, ताम्हिणीच्या रस्त्याला जमीन घेऊन राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मोटारसायकलवरून फौजेचे कागद पोचवायचं काम त्यानं केलं होतं. लढाई संपल्यावर परेडीसाठी त्याच्या तुकडीला विलायतेला नेलं आणि तिथं त्यानं हा खेळ पहिल्यांदा बघितला. जळक्या कोळशाची राख पसरलेला लांबट गोल रस्ता, त्यावर चार गडी, चार फेऱ्या. गाडीला एकच गियर आणि ब्रेक मुळीच नाही. एकानं ब्रेक मारला तर मागचा त्याच्या पाठीत घुसतो, म्हणून कुणालाच द्यायचा नाही. डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधायचा आणि वळणावर तो पाय जमिनीला घासत, मागचं चाक बाहेर फेकत, गाडी आडवी करून न्यायची. वळायचं नेहमी डावीकडं. उजवीकडं वळणच नाही त्या खेळात.

सुभेदार सांगायचा की तिथल्या दरवाजावर तिकिटं फाडणारा म्हातारा हा पूर्वीचा मोठा शर्यतबाज होता. दहा-बारा वर्षं डावीकडं फिरून फिरून त्याचा डावा पाय वाकडा झाला होता. रस्त्यानं सरळ चाललेला असला तरी हळूहळू डाव्या कडेला जायचा आणि बायको त्याला कोपराला धरून परत मधे आणायची. तसले सात-आठ जुने गडी आपण बघितले, असं सुभेदार म्हणायचा. सगळे जिवंत होते, पण घरी पोचल्यासारखा एकही दिसत नव्हता. मी यावर म्हणालो की मग त्यांना फक्त डावीकडची कामं द्यायची. भाई हसला. सुभेदार हसला नाही.

एप्रिल-मे महिन्यात धरणाचं पाणी मागं सरतं. पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावाच्या खुणा मग उघड्या पडतात. घरांची जोती, जात्याची तळी, एखादी पायरी. तिथंच चिखल वाळून दगडासारखी टणक झालेली सपाट जागा सुभेदारानं हेरली. पौडच्या भात-गिरणीत तूस जाळून राहिलेल्या राखेचे ढीग पडलेले असायचे, त्या राखेच्या सहा ट्रॉल्या आम्ही तिथं नेऊन पसरल्या. मधोमध एक चौथरा होता, गुडघाभर उंच, वर शेंदराचा मागमूससुद्धा नाही. फेऱ्या मोजायला आणि झेंडा दाखवायला उभं राहायला ती जागा सोयीची होती. तिथं मी उभा राहायचो. चालवायला भाई आणि पुण्याहून येणारे तिघे. गाड्यांचे दिवे, मडगार्ड आणि ब्रेक काढायचं काम माझं. ब्रेक मी माझ्या हातानं काढले, हे सांगून टाकतो.

पहिल्याच उन्हाळ्यात एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन आला. त्याच्या वाडवडिलांचं गाव पाण्याखाली गेलेलं. काठी टेकून दोन शर्यती त्यानं मुकाट बघितल्या आणि मग माझ्याकडं येऊन विचारलं, कुणी मेलंय का. मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, मग हे काय चाललंय? खाली राख, आणि त्यावर उलट्या फेऱ्या. त्यांच्यात मढ्याभोवती मडकं घेऊन फिरतात ते असं, मढं डाव्या हाताला ठेवून. देवाला फिरतात ते उजव्या हाताला ठेवून. आणि मी ज्याच्यावर बूट घालून उभा होतो तो त्यांच्या देवाचा चौथरा होता. देव गाव सोडताना उचलून नेला, पण जागा ती जागाच.

मी चौथऱ्यावरून खाली उतरलो, एवढी अक्कल होती. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी त्याला सांगितलं की माझे चुलते हजला जाऊन आलेत. तिथं अल्लाच्या घराभोवती सगळी दुनिया अशीच फिरते, घर डाव्या हाताला ठेवून. मग ते काय मढ्याला फिरतात? पुण्याचे तिघे हसले. माझ्या मनात आलं, बरा गप्प केला.

म्हातारा चिडला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "तितं समदीच तशी फिरत्यात. म्हून समोरनं कुनी येत न्हाई. हितं फकस्त तुमीच उलटं फिरतायसा."

मी ते हसण्यावारी नेलं. नंतर कित्येक दिवस भाईला घरात समोरून येताना बघितलं की म्हणायचो, बाबा, तू सुलट का उलट? भाईला त्याचं हसू यायचं, पण चौथऱ्याच्या बाजूनं जाताना तो मान किंचित खाली घालायला लागला होता. मी ते बघितलं होतं. त्यावरूनही मी त्याला छळलं.

दोन उन्हाळे काही झालं नाही. पावसात राख वाहून जायची, पाणी चढायचं, सगळं बुडायचं. पुढच्या एप्रिलमध्ये पाणी उतरलं की बाकीच्या जमिनीच्या आधी आमचा गोल वर यायचा, काळपट, कडा स्पष्ट. सुभेदार म्हणायचा की चाकांनी दाबून माती घट्ट झाली, म्हणून. मलाही ते पटत होतं. एवढंच खटकायचं की आम्ही कडेनं पळायचो तिथली माती दाबलेली असायची ती असायचीच, पण आतल्या बाजूला, चौथऱ्याच्या अंगाला, एक अरुंद पट्टा त्याहून जास्त गुळगुळीत असायचा. त्या पट्ट्यावरून आमचा एकही गडी कधी गेलेला नव्हता. गावच्या लोकांची जुनी पायवाट असेल, असं मी मनाशी ठरवलं आणि त्यावर पुन्हा विचार केला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी बाराच्या सुमारास शेवटची शर्यत लावली. खरं तर उन्हात कुणाला हौस नव्हती, पण पुण्याच्या लोकांना लवकर परतायचं होतं. ऊन इतकं होतं की लांबची टेकडी हलताना दिसत होती. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत भाई दुसरा होता, पुढच्याच्या मागं जरा अंतर ठेवून, आणि बाकीचे दोघे त्याच्या मागच्या धुरळ्यात.

पलीकडच्या वळणावर मला पाचवा दिसला.

तो आतल्या पट्ट्यावरून येत होता. चौथरा त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे आमच्या लोकांच्या बरोबर उलटा. सायकल म्हणावी तर वेग मोटारसायकलचा, मोटारसायकल म्हणावी तर आवाज नाही. मागं धुरळा उठत नव्हता. वळणावर आमचे गडी जमिनीला टेकेपर्यंत झुकायचे. हा ताठ बसलेला होता, डोकं उघडं, घाई नाही. आपल्या गावात आपल्या रोजच्या वाटेनं निघालेला माणूस बसतो तसा. पुढच्या गड्याच्या बाजूनं तो निघून गेला आणि त्या गड्यानं मान वळवूनही बघितलं नाही. मग तो पट्टा सोडून बाहेरच्या अंगाला, भाईच्या रेषेत आला.

भाईनं हँडल उजवीकडं ओढलं. त्या वेगात उजवीकडं वळायला ती गाडी बनलेलीच नव्हती, आणि थांबवायला तिच्यात काही नव्हतं. ती उभीच्या उभी बाहेरच्या जोत्याच्या दगडांवर गेली. मागचे दोघे धुरळ्यातून आले, कसेबसे चुकवून पुढं गेले. धुरळा बसला तेव्हा भाई दगडांत पडलेला होता आणि रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. राखेवर चार गाड्यांच्या खुणा होत्या. मी वाकून मोजल्या.

भाई अकरा दिवस बेशुद्ध होता. डावा पाय दोन ठिकाणी मोडला, कवटीला तडा गेला. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा त्यानं मलाच विचारलं, कारण मोजणारा मी, सगळ्या बाजूंनी बघणारा मी एकटा. सुभेदार पाण्याच्या कॅनपाशी होता, त्याची पाठ होती. मी सांगितलं, गाडी घसरली.

का सांगितलं? त्याची मी बरीच कारणं स्वतःला दिली. धुरळा होता. ऊन होतं. पाचवी गाडी होती म्हटलं तर ती कुणाची आणि आत आलीच कशी, हे झेंडेवाल्यालाच विचारणार. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्याहून खरं कारण हे की त्या धनगराला मी चार लोकांत गप्प केलं होतं, आणि आता त्याचंच म्हणणं माझ्या तोंडून निघणार होतं. मला लाज वाटली. एवढ्यासाठी मी खोटं बोललो.

शुद्धीवर आल्यावर भाईनं पहिलं विचारलं, तो गेला का. अम्मी म्हणाली, कोण? तो म्हणाला, समोरून आलेला. अम्मीनं माझ्याकडं बघितलं, अब्बांनीही बघितलं. मी म्हणालो, "कुनी नव्हतं, भाई. तुझी गाडी घसरली." भाई माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

तेव्हापासून घरात धरलं गेलं की भाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

पाय जुळला तसा तो काठी घेऊन हिंडायला लागला, आणि मग सगळ्यांना दिसलं की तो वाट देतो. गॅरेजच्या दारात उभा असताना एकदम उजवीकडं सरकायचा आणि भिंतीला पाठ लावून थांबायचा, कुणीतरी समोरून जाईपर्यंत थांबावं तसं. मग परत जागेवर. जेवायला बसला असताना ताट उचलून मांडीवर घ्यायचा, जरा थांबायचा, परत खाली ठेवायचा. बाजारात, बायकामाणसांच्या गर्दीत, मधेच कडेला होऊन मान झुकवायचा. पोरं त्याच्या मागं फिरायला लागली. जास्त करून हे दुपारी बाराच्या आसपास व्हायचं. एकदा गॅरेजात तो असाच सरकला, आणि दारावर खिळ्याला टांगलेली सायकलची चेन हलायला लागली. वारा नव्हता. मी जाऊन ती चेन हातानं धरली आणि ती थांबेपर्यंत धरून ठेवली. भाई माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, वारा सुटलाय वाटतं.

मधे एकदा तो धनगर पौडच्या बाजारात भेटला. त्यानं भाईची चौकशी केली आणि मग हळूच विचारलं, त्या दिवशी कुणी आलं होतं का. मी त्यालाही नाही म्हटलं. तो म्हणाला, "बरं. मंग तुजं तू जान." आणि आपल्या मेंढरांमागं निघून गेला.

सुभेदारानं जमीन विकली आणि तो गाव सोडून गेला. पुण्याचे तिघे पहिल्या वर्षी दोनदा येऊन गेले, मग येईनासे झाले. असं करत दीड वर्ष गेलं. अम्मीनं पीर केले, ताईत केले, आणि आता मी त्यावर एक अक्षर बोलत नव्हतो. अम्मीला वाटायचं, पोरगा शहाणा झाला.

अखेर पुण्याच्या एका डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली. भाईला वेड्यांच्या इस्पितळात दाखल करायचं. किती दिवस ते सांगता येणार नाही, म्हणाला. तिथून परत आलेला कुणी आमच्या माहितीत नव्हता. अब्बा आठ दिवस ती चिठ्ठी खिशात घेऊन हिंडले. भाईनं मात्र काही विरोध केला नाही. त्यानं स्वतःचे दोन सदरे आणि लुंगी पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी ठेवली.

सकाळी आम्ही तिघं स्टँडवर बाकड्यावर बसलो होतो. मधे भाई, एका बाजूला अब्बा, एका बाजूला मी. अब्बांच्या हातात चिठ्ठी. पुण्याची गाडी यायला अवकाश होता. भाई समोर बघत होता. एकदा तो पाय जवळ घेऊन बसला, समोरून कुणी जाणार असल्यासारखा, आणि मला दिसलं की पाय घेताना त्यानं लाजून अब्बांकडं बघितलं. त्याला कळत होतं की आपण काय करतोय आणि लोक काय समजतात. वेड्या माणसाला अशी लाज वाटत नाही. मला वाटलं, मी आता बोललो नाही तर मग मी माणूस नाही.

मी म्हणालो, "भाई, मी बघितला त्याला. पाचवा हुता. समोरनं आला."

भाईनं माझ्याकडं बघितलं नाही. समोरच बघत तो म्हणाला, "मला ठावं हाय."

मी विचारलं, कसं.

"तू मदी पळत आलतास. दोनी हात वर करून. मी पडायच्या आदी. मोकळ्या रस्त्यावर कोन हात वर करतंय?"

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. पण ते खरं होतं. मी चौथऱ्याजवळून पळालो होतो, दोन्ही हात वर करून, ओरडत. त्यानं मला बघितलं होतं. म्हणजे गेलं दीड वर्ष, रोज, प्रत्येक वेळी मी घरात कुणी नव्हतं म्हणालो तेव्हा, त्याला माहीत होतं की मी खोटं बोलतोय.

मी म्हणालो, "मंग बोलला का न्हाईस? सांगितलं असतंस की ह्यानंबी बघितलंय."

"येड्याचं कोन ऐकतंय?" भाई म्हणाला. "तू बोलशील म्हून वाट बघत हुतो."

अब्बांनी चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली, उठले आणि सगळ्या स्टँडसमोर माझ्या थोबाडीत मारली. मग भाईची पिशवी उचलून घराकडं चालायला लागले. पुण्याची गाडी आली तेव्हा आम्ही निम्म्या वाटेवर होतो.

भाईचं वाट देणं लगेच थांबलं नाही. पण तो भिंतीला सरकला की आता अब्बाही सरकायचे, काही न विचारता. अम्मी जेवताना त्याच्याबरोबर आपलंही ताट उचलायची. मीही कडेला व्हायचो. आमच्या घरात दुपारी बाराला चार माणसं भिंतीला पाठ लावून गप्प उभी राहायची, हे बाहेरच्या कुणाला सांगून पटायचं नाही. चार-सहा महिन्यांत ते कमी होत गेलं. एके दिवशी बारा वाजले आणि भाई पंपाचा वॉशर बसवत राहिला, जागचा हलला नाही. मी मात्र सवयीनं भिंतीला सरकलो होतो. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत वॉशर बसवायला लागला.

समोरून आलेल्याचा भाईला कधी राग आला नाही. तो त्याच्या वाटेनं चालला होता, उलटे आपणच होतो, असं तो अब्बांना म्हणायचा. माझ्याबद्दल असं काही तो कधी म्हणाला नाही. पुढं वीस वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. पाना मागायचा, चहा पुढं करायचा, गिऱ्हाईकाची गाडी कुठं अडते ते नीट समजावून सांगायचा. त्यापलीकडं तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.